अस्वलाचं गाणं कुठून आलं

त्या मालिकेचे सव्वीस भाग दिल्लीहून लागले. आमच्या वाडीत त्यांतले चौदा पूर्ण दिसले, आठ अर्धेमुर्धे दिसले आणि चार अजिबात दिसले नाहीत, कारण त्या चार रविवारी सकाळी वीज नव्हती. मी तेव्हा मुरबाडच्या एका कारखान्यात कामगारांची हजेरी टिपायच्या कामावर होतो. आलेला, उशिरा आलेला आणि न आलेला हे तीन रकाने दिवसभर भरायचो. घरी टीव्ही आणल्यावर तेच तीन रकाने मी मालिकेसाठीही आखले. यात विशेष काही नव्हतं, हाताला सवय होती.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. टोकावड्याच्या पुढे, घाटाच्या अलीकडे आमची वाडी आहे. तेव्हा एकतीस घरं होती आणि टीव्ही एकच, माझ्याकडचा, चौदा इंची, काळा-पांढरा. अँटेना बावीस फूट उंच बांबूवर बांधली होती. रविवारी सकाळी माझ्या ओटीवर कमीत कमी एकोणीस आणि जास्तीत जास्त त्रेचाळीस माणसं बसलेली मी मोजली आहेत. मुलं निम्म्याहून कमी असत.

मालिका परदेशातली होती, हाताने काढलेल्या चित्रांची, आणि आमच्याकडे आली तेव्हाच जुनी झालेली होती. आवाज हिंदीत भरले होते. अस्वल, गाढव, कोंबडी, मांजर आणि कासव अशी पाच जनावरं एक गाडा ओढत गावोगाव फिरतात. प्रत्येक गावात लोक आधी त्यांना हाकलतात, मग ती गातात आणि लोक त्यांना जेवायला बसवतात. दर भागात गोष्ट एवढीच. गाव वेगळं आणि गाणं वेगळं. तिचं खरं नाव आमच्याकडे कोणी उच्चारलं नाही. "अस्वलाची लागली काय?" असंच विचारायचे. हिंदी कळणारे ओटीवर पाच-सहा जण होते. बाकीच्यांचं त्यावाचून अडत नव्हतं, कारण जनावरांनी गाणं म्हणायचं आणि लोकांनी त्यांना हाकलायचं हा प्रकार वाडीला नवा नव्हता.

आमच्याकडे वाघबारशीला हेच होतं. दिवाळीच्या तोंडावर, आश्विन वद्य द्वादशीला, गुरं राखणारी माणसं घरटी तांदूळ, गूळ आणि दूध गोळा करतात आणि वाघोबाच्या दगडापाशी खीर शिजवतात. दुपारी पाच सोंगं येतात: वाघ, अस्वल, कोल्हा, वानर आणि ससा. प्रत्येक जनावर आपलं गाणं म्हणतं. गाणं संपलं की गुराखी काठ्या आपटून विचारतात, "आमच्या शिवारात येशील?" जनावर म्हणतं, "नाय येनार, नाय येनार." मग सगळा जमाव त्याला ओहोळापलीकडे पळवतो. तेवढं झालं की वर्षभर गुरं सुखरूप राहतात असं मानतात. प्रत्येक सोंग एका घराकडे असतं आणि ते बापाकडून मुलाकडे येतं.

अस्वल माझ्या थोरल्या चुलतभावाच्या घरात होतं. मी त्याला दादा म्हणतो. दादा दुसरीत शाळा सोडून खडीच्या खाणीवर गेला. तो बोलायला सावकाश. एखादं वाक्य सुरू करायचा तोवर दुसऱ्या कोणीतरी ते पुरं केलेलं असायचं. लग्नाच्या बोलणीत, वाटणीत, सरपंचाच्या निवडणुकीत त्याचं मत कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. वर्षातून एक दुपार मात्र सगळी वाडी त्याची वाट बघत थांबायची. अंगाला कोळसा फासून, म्हसा गावच्या जत्रेत घेतलेलं काळं घोंगडं पांघरून तो करवंदीच्या जाळीतून बाहेर पडला की म्हातारी माणसंदेखील उठून उभी राहायची. त्याच्याकडे शेत पाऊण एकर होतं, तेही चढावर. त्याच्या मालकीचं म्हणून लोक जे ओळखत होते ते अस्वलच.

एक उणं होतं. अस्वलाला गाणं नव्हतं. काका, म्हणजे दादाचा बाप, वारला तेव्हा दादा नऊ वर्षांचा आणि मी चार वर्षांचा होतो. काकाचं गाणं कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. त्यामुळे वाघ गायचा, कोल्हा गायचा, ससासुद्धा गायचा आणि दादाचं अस्वल नुसतं गुरगुरायचं. पोरं म्हणायची, "अस्वलाचा घसा बसलाय, काढा द्या!" दादा त्यावर हसायचा.

मालिकेच्या अकराव्या भागात अस्वल एकटंच गायलं. बाकीची जनावरं आजारी पडलेली असतात आणि ते एकटं गाडा ओढत चढ चढतं. श्रावणातला रविवार होता. भाग पूर्ण दिसला, वीज एकदाही गेली नाही. गाणं दोन वेळा आलं, एकदा मध्ये आणि एकदा शेवटी. दादा खांबाला टेकून बसला होता. भाग संपल्यावर तो चाल गुणगुणत घरी गेला.

त्या वाघबारशीला दादाचं अस्वल गायलं. चाल टीव्हीवरची, शब्द त्याचे, घरच्या बोलीतले, जिथे 'मला'चं 'मना' होतं. मोहाची फुलं वेचायला आलेली बाई आणि अस्वल यांची वाटणी अशी:

"मोहाखाली भेटलो गो, भांडू नको मना,
एक फूल तुला गो, दोन फुला मना."

पुढे चार फुलं, आठ फुलं असं वाढत जायचं आणि शेवटी टोपली अस्वलाकडे राहायची. बाया हसून बेजार झाल्या. त्या वर्षी दादाला ते तीनदा म्हणायला लावलं आणि मगच पळवलं. पुढच्या वर्षी पोरं त्याच्याबरोबर म्हणू लागली. पाचव्या-सहाव्या वर्षी शेजारच्या वाड्यांतल्या बाया लावणीच्या वेळी चिखलात ते म्हणताना मी बसमधून ऐकलं आहे. मालिका केव्हाच संपली होती. अँटेनेचा बांबू मी उतरवून गोठ्याला लावला होता. गाणं टीव्हीवरून आलं हे हळूहळू कोणाच्या लक्षात राहिलं नाही. लहान मुलांना ते कधी माहीतच नव्हतं.

दोन हजारनंतर रस्ता रुंद झाला आणि एकतीस घरांपैकी बारा घरं खाली रस्त्यालगत उतरली. त्यांची खालची वाडी झाली. पाणी आणि विजेचा खांब वेगळा झाला, मग अंगणवाडीही. वाघोबा मात्र एकच राहिला, वर. पाचही सोंगं वरच्या वाडीतली. खालच्यांनी म्हणायला सुरुवात केली की खीर आमच्याही दुधाची असते, मग एक तरी जनावर आमचं पाहिजे. त्यांनी अस्वल मागितलं. त्यांच्याकडे एक म्हातारी होती, सगळे तिला आजी म्हणत. तिचं म्हणणं असं, की तिचा सासरा तरुणपणी दोन वर्षं अस्वल झाला होता आणि अस्वलाचं जुनं गाणं तिला येतं.

दसऱ्याच्या दुपारी शाळेच्या पडवीत दोन्ही वाड्या बसल्या. भगत मधे. भगत म्हणजे वाघोबाची पूजा करणारा, सत्तरीचा माणूस. त्याने सुरुवातीलाच सांगितलं, "ज्याचं गानं त्याचं सोंग. ह्यो कायदा माजा नाय, वाघोबाचा हाय. गानं कोनाचं जुनं, तेवडंच बगायचं."

आजीने गाणं म्हटलं. दोनच ओळी होत्या, चाल सपाट, जात्यावरच्यासारखी:

"करड्या केसांचा मामा आला,
मधाच्या वाटं निगून गेला."

"पुढं?" कोणीतरी विचारलं.

"पुढं काय? गेला ना तो," आजी म्हणाली. "गेलेल्या मानसाचं काय गानं म्हनू?"

सगळे हसले. मग दादाला विचारलं. दादा उभा राहिला. "माज्या बापाचं गानं हाय," तो म्हणाला. "तो म्हनायचा. मी ऐकलंय."

खालच्या वाडीत एक जण मुरबाड-टोकावडे जीप चालवायचा. अस्वल त्याच्याच घरी जायचं होतं, कारण तो आजीचा नातू. तो म्हणाला, "दादानू, आमी ल्हान व्हतो तवा तुमी नुसते गुरगुरायचे. बाप काय सपनात येऊन शिकवून गेला?"

दादाने वाक्य जुळवायला घेतलं आणि ते जुळायच्या आत भगत माझ्याकडे वळला. "तू लिवून ठेवतोस. तू सांग. ह्ये गानं किती वर्सं चाललंय?"

मला तेवढंच विचारलं होतं, किती वर्षं. मी म्हणालो, "या वाघबारशीला दहा पुरी होतील." तिथे थांबलो असतो तर उत्तर पुरं झालं असतं. पण मी पुढे म्हणालो, "चाल टीव्हीवरच्या मालिकेतली आहे. अकरावा भाग. श्रावणातला रविवार. माझ्या घरी बसून दादाने ऐकली."

मग जीपवाला म्हणाला, "मंग सोंगाला टीव्हीवाल्यांनाच बोलवा ना रे!" मागून दुसरा ओरडला, "आनि मधी जायरात पन म्हना, साबनाची!" पडवी हसायला लागली. मुलं हसली, बाया हसल्या. भगतही हसू दाबत खाली बघत होता.

दादाने मला विचारलं, "माज्या बापाला तू कितीदा ऐकलंस?"

"एकदाही नाही," मी म्हणालो. ते खरं होतं.

"मंग?" एवढंच म्हणून तो पडवीतून उतरला. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलायचा थांबला. आमच्या दोन घरांच्या मधे सतरा पावलं आहेत.

घरी आल्यावर बायको भांडी घासता घासता म्हणाली, "तुम्ही ते कशाला सांगितलंत?"

"खोटं सांगायचं होतं का?"

"खोटं नका सांगू. पण त्या रविवारी भावजी काय म्हणाले ते तुमच्या लक्षात नाही. गाणं लागल्या लागल्या म्हणाले होते, ह्ये मी ऐकलंय. मी तिथंच बसले होते, तांदूळ निवडत."

माझ्या वहीत प्रसारण सुरू झाल्याची वेळ होती, वीज होती की नव्हती ते होतं, किती माणसं बसली होती ते होतं. कोण काय म्हणालं याला रकाना नव्हता.

सतरा दिवसांनी वाघबारस आली. भगताच्या कायद्याने सोंग खाली गेलं होतं, म्हणून खालच्या वाडीचा जीपवाला अस्वल झाला. त्याने कोळसा नीट फासला होता, उडीही दादापेक्षा बरी मारली. मग आजीच्या दोन ओळी म्हटल्या. मुलं उभीच राहिली. गुराख्यांनी काठ्या आपटल्या तरी कोणी पळवायला पुढे होईना. एक मुलगी म्हणाली, "खरं गानं म्हना ना, फुलांचं." त्याने परत त्याच दोन ओळी म्हटल्या. शेवटी मोठ्या माणसांनी त्याला चालत चालत ओहोळापर्यंत पोचवलं. दादा त्या दुपारी खाणीवर गेला होता. खाण सणाला बंद असते, हे मला ठाऊक होतं.

माझी साक्ष अर्धवट राहिली आहे असं मला वाटत राहिलं. खोटी नव्हती, पण अर्धवट होती. मुरबाडला बस स्टँडजवळ इंटरनेटचं दुकान निघालं होतं. तिथल्या माणसाच्या मदतीने मी चार शनिवार, प्रत्येकी एक तास, त्या मालिकेचा इतिहास शोधला. ती माझ्या जन्माच्या आधीची निघाली. मुळात सव्वीसपेक्षा जास्त भाग होते, आमच्याकडे सगळे आलेच नव्हते. गाढव आणि मांजर एकाच माणसाच्या आवाजात होती. मालिका तिच्या देशात मधेच बंद पडली होती आणि पुढे मुलांच्या सुट्टीत परत परत दाखवून लोकांच्या ओळखीची झाली होती. आणि अस्वलाच्या गाण्याबद्दल एक ओळ होती. दुकानदाराने ती मला दोनदा वाचून समजावली. ती चाल मालिकेसाठी केलेली नव्हती. त्या देशातले मेंढपाळ डोंगरात म्हणायचे त्या गाण्यावरून ती घेतली होती. कोणी केली ते माहीत नाही, असं लिहिलं होतं.

याचा काकाशी संबंध लागत नाही. काका कल्याणपलीकडे कधी गेला नव्हता. दादाला चाल ओळखीची वाटली यात पुरावा म्हणून धरण्यासारखं काही नाही. अनेक चाली ओळखीच्या वाटतात. पण मी पडवीत बोललो ते ऐकून असं वाटत होतं की गाणं टीव्हीने केलं आणि दादाने उचललं. टीव्हीनेही उचललंच होतं, तेही गुरं राखणाऱ्यांकडून. हे दादाला सांगणं मला भाग वाटलं, आणि तो माझ्याशी बोलत नव्हता.

पुढच्या भाद्रपदात जीपवाला वर आला. दादाच्या अंगणात उकिडवा बसला आणि म्हणाला, "दादानू, गानं शिकवा. पोरा पळवत नाय मना. घरची म्हातारी पन म्हनते, तुजं मेलं रडगानं हाय."

"तुज्या आजीचंच ना ते?" दादा म्हणाला.

"तिचंच. आता तिलाच नको हाय."

दादाने विडी पेटवली. तो नाही म्हणेल असं मला वाटलं. मी माझ्या ओटीवर होतो, सगळं ऐकू येत होतं. तो म्हणाला, "चार दुपारी ये. एका दुपारी येनार नाय तुला."

जीपवाला चारही दुपारी आला. दुसऱ्या दुपारी मी उठून त्यांच्या अंगणात गेलो आणि इंटरनेटवर सापडलेलं सांगितलं, मेंढपाळांचं. दादाने माझ्याकडे बघितलं नाही. तो जीपवाल्याला म्हणाला, "त्याला विचार, त्या मेंडक्यांना बाप व्हता का नव्हता."

जीपवाला माझ्याकडे वळला. "विचारतात की बाप—"

"ऐकलं मी," मी म्हणालो. "असणारच."

"त्याला सांग, मंग झालं," दादा म्हणाला. "आता पुढची ओळ. आठ फुला. तोंड उघड नीट, जीपचा हारन नाय हाय तो."

वाघबारशीला ऊन कडक होतं. दोन्ही वाड्या मिळून मी एकशे बारा माणसं मोजली. दादा आला होता, पांढरा शर्ट घालून, गुराख्यांच्या रांगेच्या टोकाला, हातात काठी न घेता. इतक्या वर्षांत त्याला कोळशाशिवाय त्या जागी कोणी पाहिलं नव्हतं. वाघ झाला, कोल्हा झाला, मग जाळीतून अस्वल आलं. जीपवाल्याने पहिली ओळ चांगली म्हटली. पोरांनी दुसरी उचलली. चार फुलांपर्यंत ठीक चाललं. आठ फुलांच्या ओळीला तो अडला. परत सुरुवातीपासून घेतलं आणि परत तिथेच अडला. लोक चुळबुळ करू लागले.

रांगेच्या टोकाकडून ती ओळ आली. दादाने ती मोठ्याने म्हटली नव्हती, फक्त अडलेल्या माणसाला सांगावी तशी. पण पुढची ओळही त्यानेच म्हटली, आणि तिच्या पुढची. टोपली अस्वलाकडे आली तेव्हा तो रांगेतून चार पावलं पुढे आलेला होता आणि त्याचे हात अस्वलासारखे झाले होते. जमाव त्याच्याकडे वळला. गेल्या वर्षी बोललेल्या त्या मुलीनेच सगळ्यांत आधी विचारलं: "आमच्या शिवारात येशील?"

दादा म्हणाला, "नाय येनार, नाय येनार."

आणि एकशे अकरा माणसांनी त्याला पळवलं. काठ्या, आरोळ्या, म्हातारी माणसं कमरेला हात लावून मागे. कोळसा फासलेला जीपवाला एकटा दगडापाशी उभा राहिला आणि मग तोही "धरा रे, अस्वल चाललं!" म्हणत मागे धावला. पन्नाशीला आलेला दादा पांढऱ्या शर्टात ढेकळांवरून उड्या मारत ओहोळापलीकडे गेला. भगताने काही निकाल दिला नाही. पुढे एक वर्ष वरच्यांचं आणि एक वर्ष खालच्यांचं असं अस्वल आपोआप चालू झालं आणि अजून चाललं आहे.

खीर वाढायला घेतली तेव्हा दादा परत आला. तो लंगडत होता. पंगतीत जागा बऱ्याच होत्या. तो माझ्या शेजारी बसला आणि उजवा पाय माझ्या मांडीवर टाकला.

"काटा गेलाय रे," तो म्हणाला. "बग जरा. मना वाकता येत नाय."

तो माझ्याशी शेवटचं बोलल्याला, इंग्रजी तारखांनी, एक वर्ष आणि सात दिवस झाले होते. मी बाभळीचा काटा काढला, पाऊण इंच होता. मग आम्ही खीर खाल्ली.